गॅसची ऊब आणि उघडी खिडकी

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. २०११ साली ती चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत काम करणाऱ्यांमध्ये मराठी मंडळीही आहेत. माझी थोरली बहीण तेथेच राहते. डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. डिसेंबर असूनही घरातले पंखे फिरत होते आणि रात्रीदेखील पारा वीस अंशांखाली उतरावयास राजी नव्हता. अशा त्या घरात, दिवाणखान्याच्या मधोमध फरशीवर, गॅसचा एक नवाकोरा हीटर ठेवलेला पाहून मला हसू आवरेना. समुद्रकाठी कांबळी विकावयास बसलेल्या माणसासारखा तो बिचारा दिसत होता.

खुलासा लवकरच झाला. पोंगलच्या सुटीत दोन कुटुंबांनी मिळून उटीस जाण्याचा बेत ठरला होता. नीलगिरीच्या त्या पठारावर जानेवारीच्या पहाटे गवतावर हिम पडते आणि चेन्नईच्या माणसाला तर तेथील दुपारसुद्धा बोचते. भाऊजींच्या एका सहकाऱ्याने परदेशातून परतताना हा हीटर आणला होता; तो त्याने मोठ्या आपुलकीने यांना देऊ केला. प्रोपेन वायूवर चालणारा, हातात धरून कोठेही नेता येईल असा. पाच किलोंचा छोटा सिलिंडर आता किराणा दुकानांतून आणि पेट्रोल पंपांवरूनही मिळतो. तो कपड्यांच्या पिशवीत घालून रात्रीच्या नीलगिरी एक्सप्रेसने न्यावयाचा, म्हणजे हॉटेलच्या गारठलेल्या खोलीत मुलांची सोय होईल, असा हिशेब होता.

मी ताईला विचारले, “बंद खोलीत गॅसचे काही झाले, तर तुम्हाला कळणार कसे?”

ती कणीक मळत होती. मान वर न करताच म्हणाली, “वास येईल की!”

हे उत्तर तुम्हीही दिले असते, वाचकहो, आणि मीही एके काळी देत असे. आपल्या घरांतून गॅसविषयी जे काही शहाणपण आहे ते सारे नाकात साठवलेले आहे. म्हणून नाक काय सांगते आणि काय सांगत नाही, याचाच विचार या वेळी करावयाचा आहे.

नाक सांगते ते प्रथम पाहू. आपल्या स्वयंपाकघरातील गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली त्याचा द्रव होतो आणि तो सिलिंडरात भरला जातो. या वायूंना स्वतःचा असा म्हणण्याजोगा वास नसतो. आपल्याला जो उग्र, कुजक्या कोबीसारखा दर्प येतो तो त्यांत मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा असतो. माणसाला गळतीची चाहूल लागावी एवढ्याचसाठी ती योजना आहे आणि ती उत्तम आहे. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे पाण्यासारखा खाली बसतो, ओट्याखाली, पलंगाखाली, पायऱ्यांवरून तळघरात उतरतो. तेव्हा वास आला, की दिव्याचे बटण लावू नये आणि लागलेले असेल तर बंदही करू नये. पंखाही चालू करू नये, कारण बटणातील ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करावा, सिलिंडरला टोपी लावावी, दारे-खिडक्या उघडून घराबाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. गॅसगळतीसाठी हा क्रमांक देशभर एकच आहे. सर्दीने चोंदलेल्या नाकाला, वृद्धांना, आणि करोनाच्या आजारानंतर ज्यांची वासाची जाण परतली नाही अशांना हा पहारेकरीही पुरेसा नाही, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

परंतु हा सारा विचार न जळलेल्या गॅसचा झाला. हीटर पेटवल्यावर गॅस जळून जातो आणि त्याच्याबरोबर तो मुद्दाम मिसळलेला दर्पही जळून जातो. मागे जे उरते त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. नाकाची हद्द तेथे संपते.

थोडा हिशेब करून पाहू. आकड्यांचा कंटाळा करू नये, कारण तो घरातल्या खोलीचाच आहे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच खोलीत सुमारे तीस घनमीटर हवा मावते. तीपैकी प्राणवायू शेकडा २१, म्हणजे सहा घनमीटरांहून किंचित अधिक. तीन किलोवॅटचा हीटर पूर्ण जोराने चालला म्हणजे तासाला पाव किलोला थोडा कमी गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस जळावयास साडेतीन किलोंहून अधिक प्राणवायू लागतो. खोली डबीसारखी घट्ट बंद असेल, तर दीड तासाच्या आसपास तिच्यातील प्राणवायू शेकडा २१ वरून १८ वर येईल. खऱ्या खोलीला फटी असतात, म्हणून वेळ अधिक लागतो, हे खरे. पण थंडीच्या रात्री आपण त्या फटींचे काय करतो? दाराखाली टॉवेल घालतो, खिडकीच्या तावदानाशी चादर खोचतो. शिवाय उटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवर आहे. तेथील हवा विरळ; तेवढ्याच खोलीत प्राणवायू चेन्नईच्या मानाने सुमारे तीन-चतुर्थांशच असतो, आणि हीटरची भूक मात्र तेवढीच राहते.

एक किलो प्रोपेन जळला, की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. खिडकीच्या काचांवर आतून पाणी ओघळू लागले, की ते बाहेरच्या थंडीचे लक्षण आहे असे आपण समजतो. त्यात थंडीचा भाग आहेच. पण आतली हवा जुनी झाली, ती बदलली नाही, असेही ती काच सांगत असते.

प्राणवायू पुरेनासा झाला म्हणजे ज्योत अर्धवट जळू लागते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निपजतो. रक्तातील ज्या तांबड्या द्रव्याच्या आधारे प्राणवायू शरीरभर फिरतो, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने गेल्याच्या मागल्या शतकाच्या मध्यास, १८५७ च्या सुमारास, हे रहस्य प्रथम उलगडले. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते आणि तरीही पेशी उपाशी राहतात. गुदमरल्यावर माणूस धडपडतो, खोकतो, खिडकीकडे धावतो. येथे तसे काहीच होत नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि मग गाढ झोप येते. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींतून या वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेत असत. जे. एस. हाल्डेन यांनी सुचवलेली ती प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. माणसाच्या इंद्रियांवर विसंबणे किती फोल आहे, याची ती कित्येक दशकांची कबुलीच म्हणावयाची.

२० जानेवारी २०२० च्या रात्री नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी काय घडले, ते अनेक वाचकांना आठवत असेल. केरळातून आलेला पंधरा जणांचा एक प्रवासी गट पोखरा पाहून परतताना तेथे मुक्कामास थांबला. दामन सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ उटीइतकेच. गटाने चार खोल्या घेतल्या होत्या. पण थंडी असह्य झाल्याने आठ जण, चार मोठी माणसे आणि चार मुले, एकाच खोलीत निजले. खोलीत गॅसचा हीटर लावला होता; दार आणि खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी दार उघडले तेव्हा आठही जण बेशुद्ध होते. हेलिकॉप्टरने त्यांना काठमांडूस नेले, परंतु एकही वाचला नाही. त्या खोलीतील कोणाचे नाक कमकुवत होते असे मुळीच नाही. त्यांना ऊब हवी होती, मुलांना जवळ घेऊन निजावयाचे होते, आणि थंडी आत येऊ नये म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. आपणही तेच केले असते.

आता एक गोष्ट सांगते, ती मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. हा वायू ओळखू येत नाही याचे कारण केवळ त्याला वास नाही हे नव्हे. प्रत्येक वेळी दुसरे काहीतरी कारण हाताशी तयार असते. डोंगरावर डोके दुखले, मळमळले, तर ‘घाट लागला’ किंवा ‘उंचीवरची हवा मानवली नाही’ असे आपण म्हणतो. लक्षणे खरोखरच तीच असतात. एमिल झोला हा जगप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार १९०२ च्या सप्टेंबर महिन्यात पॅरिसमधील आपल्या घरी निजला होता. शेगडीचे धुराडे नीट वाहत नव्हते. रात्री पतिपत्नी दोघांनाही अस्वस्थ वाटू लागले. पोट बिघडले असावे, सकाळपर्यंत बरे वाटेल, अशी समजूत करून घेऊन त्यांनी नोकरांना उठवले नाही. सकाळी झोला मृतावस्थेत आढळला. पत्नी मात्र बचावली.

माझ्या अनुभवात ते दुसरे कारण चतुर्थीचे होते. पुण्यात शिकत असताना आम्ही चौघी मैत्रिणी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवलेला होता आणि भिंतीत वर एक झरोका होता. डिसेंबर लागला, झरोक्यातून बोचरे वारे येऊ लागले. शिवाय समोरच्या गच्चीवरून कोणी पाहील हा संकोच. आम्ही खळ करून त्या झरोक्यावर वर्तमानपत्र चिकटवले. ते काम माझ्याच हातचे होते आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. न्हाणीघर केवढे? चार फूट बाय सहा फूट. आणि असा गीझर चालू असताना वर सांगितलेल्या हीटरच्या तीन-चार पट गॅस जाळतो. संकष्टीच्या सकाळी आमची एक मैत्रीण आंघोळीस गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, बादली भरून वाहू लागली, तरी ती बाहेर येईना. हाका मारल्या, उत्तर नाही. दाराची कडी हलकी होती म्हणून ती धक्क्याने निघाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. आम्ही तिला बाहेर ओढले, तोंडावर पाणी मारले, लिंबाचे सरबत पाजले, आणि सर्वांनी एकमुखाने निदान केले: उपास! उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ केली की चक्कर यावयाचीच. घरमालकीणबाईंनीही मान डोलावली.

आठवड्याने माझे डोके सकाळच्या वेळी ठणकू लागले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तेथील वयस्क डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि एकदम विचारले, “आंघोळीचे पाणी कशावर तापवता?” मला त्या प्रश्नाचा रोख कळेना. मी सांगितले तेव्हा त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी दोन वाक्यांत झरोक्यावरचा कागद काढावयास सांगितले. गीझरही न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या, पाणी नळीने आत न्या, असे बजावले. महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतून गॅस-गीझरच्या दुर्घटना अजूनही वाचावयास मिळतात. अशी बातमी दिसली, की मला तो खळीचा वास आठवतो.

म्हणून, वाचकहो, बंद जागेत काहीतरी जळत आहे आणि एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा मळमळ होत आहे, बाहेर मोकळ्यावर गेल्यास बरे वाटते आणि आत आल्यावर पुन्हा तेच, तर कारण शोधत बसू नये. घाट, उंची, जेवण, उपास यांचा विचार मागाहून करावा. आधी सर्वांना बाहेर काढावे.

पेरुंगुडीच्या लोकांना खिडकीविषयी हे सांगणे थोडे कठीण जाते, आणि त्याचे कारण मला ताईच्या घरीच कळले. तिच्या सज्जातून पल्लीकरणैची दलदल दिसते. २०२२ साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिची गणना झाली आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. पण त्या दलदलीच्याच कडेला शहराच्या कचऱ्याचे प्रचंड आगार आहे. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस त्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या दिवसांत आसपासच्या घरांतून एकच उपाय होता: खिडक्या बंद. ताईने ओल्या चादरी लावल्या होत्या. विषारी हवा बाहेर असते, सुरक्षित हवा आत असते, हे तिच्या घरातील मुलांनीही तेव्हा शिकून घेतले. हीटरच्या बाबतीत नेमके उलटे धरून चालावे लागते, कारण येथे आग आपल्याच खोलीत असते.

मी भाषांतराचे काम करते, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या परदेशी हीटरबरोबर आलेल्या पत्रकात खोलीला किती चौरस इंचांची फट हवी त्याचे माप छापले होते. अशी पत्रके मराठीत येतात तेव्हा त्या मापाच्या जागी बहुधा एक गोड वाक्य येते: ‘हवा खेळती ठेवावी.’ मीही ते वाक्य अनेकदा लिहिले आहे. त्यात चूक काही नाही. पण ते इतके मवाळ आहे की ते वाचून कोणी उठून खिडकी उघडत नाही. हवा खेळती आहे की नाही, हे प्रत्येकजण आपापल्या मनाशी ठरवतो. म्हणून येथे मी स्पष्टच लिहिते. हीटर पेटला असेल तोवर खोलीला दोन ठिकाणी उघडीप हवी, एक वर खिडकीशी आणि एक खाली दाराशी, आणि प्रत्येक ठिकाणी निदान एका पोस्टकार्डाएवढी. पत्रकातील माप त्याहून मोठे असेल तर ते पाळावे. थोडी ऊब बाहेर जाईल. ती जाऊ द्यावी. खिडकी हा त्या यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो भाग कारखानदाराने दिलेला नसून आपण पुरवावयाचा आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. गॅसचा हीटर जागेपणी वापरावयाचा आहे. निजण्यापूर्वी तासभर खोली तापवावी, मुले पांघरुणात शिरली की गॅस सिलिंडरपाशी बंद करावा आणि मगच दिवा मालवावा. ‘मंद करून ठेवते’ हा शब्द या कामी वर्ज्य समजावा. तंबूत तर तो पेटवूच नये, मग तंबू विकणारा काहीही म्हणो.

चांगल्या हीटरांत खोलीतील प्राणवायू शेकडा १८ च्या आसपास आला की ज्योत आपोआप विझवणारी योजना असते, आणि हीटर कलंडल्यास गॅस बंद करणारी दुसरी. दोन्ही आहेत की नाहीत हे विकत घेतानाच विचारावे. असल्या तरी त्यांच्यावर घर सोपवू नये. डोंगरावरील विरळ हवेत ही योजना वेळी-अवेळी विझते, मग माणसे चिडून ती निकामी करतात, असेही घडते. वारंवार विझणारा हीटर बिघडलेला नसून बोलत असतो, असे समजून खिडकी उघडावी. उंच खांबावर छत्रीसारखे दिसणारे हीटर, बांधकामावरचे मोठे हीटर आणि सहलीची चूल ही तर मोकळ्या जागेचीच साधने होत. कोळशाची शेगडी याहूनही वाईट, कारण निखारा ज्योतीवाचून तासन् तास हा वायू सोडत राहतो. २०२४ साली कोडाइकनालला मांस भाजून झाल्यावर विझल्यासारखी दिसणारी शेगडी खोलीत ठेवून काही मित्र निजले आणि त्यांपैकी दोघे तरुण पुन्हा उठले नाहीत.

ज्योतीकडे लक्ष असावे. निळी, स्थिर ज्योत चांगली. पिवळी, लवलवणारी, काजळी धरणारी ज्योत दिसली की हीटर बंद करून तो कारागिराकडे न्यावा. मात्र ज्योत निळी आहे म्हणून खिडकी लावून घेतली, असे होऊ नये. पडदे, अंथरूण, वाळत घातलेले लोकरी कपडे यांपासून तो निदान एक मीटर दूर असावा. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. तो आडवा केला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरांच्या आसपास वायू होतो. ज्या हीटरला परदेशातील दाबाचा रेग्युलेटर आहे तो आपल्याकडील सिलिंडरला ‘बसवून’ देणारे हुशार लोक बाजारात भेटतात. त्यांची हुशारी त्यांच्यापाशी राहू द्यावी. मला विचाराल तर ताईच्या त्या हीटरविषयी माझा पहिला आक्षेप हाच होता.

थंडीत आणखी एक मोह होतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरासे खालीच उकळावयाचे थांबतो, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. म्हणून फार थंड प्रदेशांत निव्वळ प्रोपेन वापरतात. आपल्या सिलिंडरात दोन्हींचे मिश्रण असल्यामुळे कडाक्याच्या पहाटे ज्योत मंदावते. मग कोणी सिलिंडर आडवा करून हलवतो, कोणी तो हीटरच्याच समोर तापत ठेवतो, कोणी उकळते पाणी ओततो. यांतील काहीही करू नये. ज्योत मंदावली तर मंदावू द्यावी आणि आणखी एक रग अंगावर घ्यावा.

कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारे छोटे उपकरण आता आपल्याकडेही मिळते. घड्याळाएवढे असते, बॅटरीवर चालते. ज्यांच्या घरी गॅस-गीझर आहे किंवा जे हिवाळ्यात डोंगरात जातात त्यांनी ते घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. हा वायू हवेइतकाच हलका असून तिच्यात सर्वत्र मिसळतो. म्हणून ते जमिनीशी न ठेवता उशाच्या उंचीवर ठेवावे. स्वयंपाकघरातील गॅसगळती ओळखणारे उपकरण वेगळे असते आणि ते जमिनीलगत बसवतात. दुकानदार दोहोंना एकच नाव देतो, तेव्हा खोका वाचून घ्यावा.

एखादा माणूस अशा खोलीत निपचित सापडला तर दार-खिडक्या सताड उघडून त्याला प्रथम बाहेर मोकळ्या हवेत आणावे. आत रेंगाळू नये, नाहीतर दुसरा माणूस पडतो. कांदा हुंगवणे, सरबत पाजणे यांत वेळ दवडू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि खोलीत गॅस जळत होता हे स्पष्ट शब्दांत सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास तोच काळ तास-दीड तासावर येतो. श्वास थांबला असेल आणि ज्याला कृत्रिम श्वासोच्छ्वास येतो तो जवळ असेल, तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याने तो सुरू करावा. शुद्धीवर आलेल्या माणसालाही डॉक्टरांना दाखवावेच. आम्ही आमच्या मैत्रिणीला दाखवले नाही, ही आमची दुसरी चूक.

पेरुंगुडीचे पुढे काय झाले ते सांगावयास हवे. भाऊजींना मी प्राणवायूचा हिशेब सांगितला. त्यांनी तो कागदावर पुन्हा मांडून पाहिला, कारण ते अभियंते आहेत. पण त्यांचे मन वळले ते दुसऱ्याच गोष्टीने. रेल्वेत गॅसचा सिलिंडर नेण्यास कायद्याने मनाई आहे हे त्यांना ठाऊक होते. ‘एवढासा तर आहे’ असे त्यांचे म्हणणे होते. ताईने तेव्हा मदुराईची आठवण काढली. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या एका पर्यटक-डब्यात, लखनौहून आलेल्या यात्रेकरूंनी लपवून आणलेल्या सिलिंडरावर चहा ठेवला जात असताना आग लागली, आणि नऊ जण गेले. ती बातमी तमिळनाडूत कोणी विसरलेले नाही. भाऊजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी सिलिंडर दुकानात परत गेला. हीटर माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी, चढला.

जानेवारीत उटीहून ताईचा फोन आला. खोली बर्फासारखी होती, हॉटेलच्या माणसाने न विचारताच गॅसचा हीटर आणून दिला होता, आणि तो नको म्हणण्याइतकी थंडी काही कमी नव्हती. तेव्हा त्यांनी तो घेतला. रात्री नऊ ते दहा पेटवला, मग सिलिंडरपाशी बंद करून माणसाच्या स्वाधीन केला. खिडकीचे दार वाऱ्याने सारखे मिटत होते. माझा अकरा वर्षांचा भाचा उठला आणि त्याने आपली एक चप्पल त्या फटीत उभी अडकवून ठेवली. सकाळी चप्पल दवाने ओली झाली होती, आणि ती घालावयास तो तयार नव्हता, एवढीच तक्रार ताईने केली.